मांगराचा आडोसा

ग्रुप: वाडीतलं घर 🥥
रविवार

*सुहास (बोरिवली)* ९.१२
सगळ्यांना सुप्रभात. मे महिना आला. यंदा मुलं धरून १४ जण येणार असं दिसतंय. त्याआधी आत्याच्या मांगराचं, म्हणजे सामानाच्या ज्या खोलीत ती राहते तिचं, काहीतरी करायला हवं. मागच्या वेळी, बहुतेक शेजारच्या गच्चीवरून सगळं दिसतं म्हणून, ती दिवसभर दार लावून आत बसायची आणि संध्याकाळी उकडून बाहेर यायची.

*बंड्या (दुबई)* ९.२०
सोपं आहे. हिरवी शेडनेट चारही बाजूंनी. मीटरच्या भावात मिळते, एका दिवसात काम.

*माई* ९.२३
चारी बाजूनी हिरवं? ती काय रोपवाटिका आहे?

*बंड्या (दुबई)* ९.२४
😂 बरं मग खिडक्यांना आरशासारखी फिल्म. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही.

*पिंकीताई (पुणे)* ९.३१
दिवसा. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं. जिकडे उजेड जास्त, तिकडचं दिसतं. शेडनेटचंही तसंच. आत दिवा लावून आत्या पोथी वाचत बसली तर पलीकडून सिनेमा दिसेल.

*नाना* ९.४०
हद्दीचो गडगो वाढवूया काय? वरसून दोन थर चिरे चढवले तर?

*बापूकाका (ठाणे)* ९.४४
मी तेच म्हणणार होतो. सिमेंटची भिंत आठ फूट. एकदाच खर्च. पलीकडच्यांनी स्लॅब टाकून गच्ची केली तेव्हाच सांगितलं होतं.

*नाना* ९.४७
सिमेंटचो नको रे. आपलो गडगो सुको रचलेलो असा, फटीतसून पाणी जाता. वरच्या शेतातल्या कुणग्याचा पाणी अडला तर पयल्या पावसात सगळो आडवो.

*बापूकाका (ठाणे)* ९.५५
पाण्याचं मान्य. पण ते लोक गच्चीवर खुर्च्या टाकून बसतात, त्याचं काय? ईझमेंट ॲक्ट १८८२, म्हणजे शेजारच्या जागेवरच्या हक्कांचा कायदा, कलम १८. त्यात उदाहरणच दिलंय: एखाद्या गावची रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खाजगी भागावर नजर पडेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. ३४ वर्षं कोर्टात फाइली वाहिल्यात, मला शिकवू नका.

*सुहास (बोरिवली)* ९.५७
काका, तिथे खिडकी कुठे आहे, गच्ची आहे.

*पिंकीताई (पुणे)* ९.५८
आणि रूढी सिद्ध करावी लागेल ना?

*बापूकाका (ठाणे)* १०.०४
हो. गुजरातेत अशी रूढी कोर्टांनी मानली आहे. आपल्या वाडीची कोण सिद्ध करणार? साक्षीला सगळे भाऊबंदच. शिवाय कलम १५ (वीस वर्षं अखंड मिळालेला उजेड हा हक्क होतो) उलटं आपल्यावर येईल. त्यांच्या जुन्या घराची खालची खिडकी गडग्याकडे उघडते, वीस वर्षांच्या वर. तिचा उजेड अडवला तर तेच आपल्याला नोटीस देतील. आठ फुटांची भिंत मी मागे घेतो.

*माई* १०.०६
बरं झालं. चतुर्थीला त्यांच्याकडे आरतीला जायचं असतं.

*पिंकीताई (पुणे)* १०.३८
नकाशा काढून बघितला. मोठा मेसेज आहे, चहा घेऊन वाचा.

त्यांची गच्ची जमिनीपासून १० फूट. उभ्या माणसाचे डोळे साधारण १५ फुटांवर. गच्चीच्या कठड्यापासून आत्याच्या पडवीतल्या खुर्चीपर्यंत ३० फूट. खुर्चीत बसलेल्या आत्याचं डोकं ४ फुटांवर. आता या दोन बिंदूंना सुतळी लावा. गच्चीपासून १० फुटांवर आपला गडगा आहे, तिथे ही सुतळी जमिनीपासून सव्वाअकरा फुटांच्या जरा वरून जाते. म्हणजे गडग्याच्या जागी आठ फुटांची भिंत घातली तरी ती खुर्ची दिसणारच. काकांचे पैसे वाचले.

तीच सुतळी खुर्चीच्या चार फूट अलीकडे साडेपाच फुटांवर असते. तिथे सहा फुटांचा बांबूचा तट्टा उभा केला की काम झालं. आडोसा बघणाऱ्याच्या जवळ घातला तर उंच लागतो, आपल्या जवळ घेतला तर बुटका चालतो. उभं राहिलं तर डोकं दिसेल, पण पडवीची उतरती कौलं अजून दोन फूट पुढे काढली तर तेही नाही. वर पावसाची झडही आत येणार नाही.

तट्टा सरळ नको, काटकोनात. पडवीच्या पश्चिमेला लांब बाजू, दक्षिणेला आखूड. आत शिरायची वाट तिरकी, म्हणजे वाटेवरून जाणाऱ्याला थेट दार दिसत नाही. तट्ट्याच्या खाली चार बोटं जागा सोडा, वारा जातो आणि बांबूचा तळ कुजत नाही.

बांबू माणग्याचा घ्या, आपल्याकडे मिळतो, भरीव असतो आणि काटे नसतात. फक्त आत्ता तोडलेला नको. उन्हाळ्यातला बांबू भुंगा खातो. नानांकडे थंडीत तोडलेला आणि ओहोळात बुडवून ठेवलेला आहे का?

*नाना* १०.५२
असा. मांडवासाठी काढून ठेवलेलो. पंधरा दिवस पाण्यात होतो, मग सावलेत सुकवलो. वीस-बावीस काठये निघतले.

*बंड्या (दुबई)* १०.५५
आणि झाडं? पोफळी लावू रांगेने. मस्त दिसतील.

*माई* १०.५८
पोफळीचा काय उपयोग? वर झुपका, खाली नुसते खांब. खांबांआड कोण लपणार?

*सुहास (बोरिवली)* ११.०१
केळी?

*नाना* ११.०५
केळी लवकर येता, पण घड काढलो की झाड तोडूचा लागता. परत मुनवे वाढापर्यंत उघडाच. आणि वाऱ्यान पानांच्यो झिरमिळ्यो.

*माई* ११.०९
जास्वंद लावा. जूनमध्ये बोटाएवढ्या जाड फांद्या खोवल्या की धरतात. अधेमधे अडुळसा, त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. मोगली एरंड नको, बिया विषारी, मे महिन्यात पोरं सगळं तोंडात घालतात.

*पिंकीताई (पुणे)* ११.१२
उत्तम. जास्वंद उंच होईपर्यंत दोन पावसाळे जातील, तोवर तट्टा आहेच. आणि खिडकीला काही नवं नको. आपल्या जुन्या खिडक्यांना वर आणि खाली वेगळी झडपं आहेत. खालची लावा, वरची उघडी. आजी तसंच करायची.

*बंड्या (दुबई)* ११.१४
एक कॅमेरा लावू का तिकडे? मी इथून बघत जाईन. सेफ्टी.

*माई* ११.१५
😳

*बंड्या (दुबई)* ११.१५
हा मेसेज डिलीट केला

*सुहास (बोरिवली)* ११.२०
आत्या, तू वाचतेयस ना? दोन निळ्या रेघा दिसतायत.

*आत्या* ११.४६
वाचतेय. चष्मा लावून सगळं वाचलं. पिंकीची सुतळी आवडली. तट्टा करा, जास्वंदही लावा.

पण एक सांगू का. गच्चीवरच्या लोकांचं मला फारसं काही वाटत नाही. ते संध्याकाळी अर्धा तास बसतात, हात करतात, मीही करते. त्यांनी अजून एकदाही माझं दार ढकललेलं नाही.

दार ढकलता तुम्ही. मांगराच्या माळ्यावर नारळ आहेत, म्हणून सकाळी सात वाजता वहिनी येते. गणपतीची माटवी, ती मूर्तीच्या वर फळं-पानं बांधायची लाकडी चौकट, माझ्या पलंगाच्या वर टांगलेली आहे. न्हाणीचा बंब पेटवायला नारळाची सोडणं आणि झावळ्या माझ्या पडवीत, म्हणून नाना येतो. पंपाचं बटण माझ्या भिंतीवर, ते बंद करायला कोणीही येतं. मागच्या मे महिन्यात मी साडी नेसत होते आणि सुहासचा मोठा पंप बंद करायला आत आला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

मुंबईत ३६ वर्षं हॉस्टेल आणि मग चाळीतली खोली. नाइट ड्यूटी करून दिवसा झोपायची तेव्हा शेजारीण मुलांना गप्प करायची. दहा बाय बाराची खोली, पण कडी लावली की माझी. इथे अख्खी वाडी आहे आणि कडी लावली की लोक विचारतात, बरं नाही का?

*माई* ११.५३
बाय, मी कधी असा विचारच केला नाही गं. मांगर म्हणजे सामानाचाच, अशी सवय.

*आत्या* ११.५५
वहिनी, तुझ्यावर राग नाही. तुझ्या हातचा चहा त्याच नारळांबरोबर येतो. चहा येऊ दे. नारळ हलव.

*नाना* १२.०२
पंपाचा बटान खळ्याच्या खांबार घेतंय. वायरमन बुधवारी येतलो, पत्र्याची पेटी करून घालूया, पावसाचा भिजाक नको.

*पिंकीताई (पुणे)* १२.०५
आत्या, रात्री आवाजाचं? मांगराची भिंत कौलांना पोचत नाही, वर हातभर उघडं आहे. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत असेल.

*आत्या* १२.०८
सगळं. तुमचं पत्त्यांचं भांडणही. पण ते बुजवू नका, एप्रिलात त्याच फटीतून गरम हवा बाहेर जाते. पलंग त्या भिंतीपासून हलवून पूर्वेला घेतला की भागेल. लोखंडी कपाट मधे सरकवा, मला एकटीला ते ढकलवत नाही.

*सुहास (बोरिवली)* १२.११
कपाट मी आणि मोठा हलवू, ६ तारखेला पोचतोय. तो दार वाजवून येईल, हे माझ्याकडून लेखी.

*आत्या* १२.१२
दार वाजवून थांबायचं. वाजवता वाजवता आत येतात, त्याला वाजवणं म्हणत नाहीत.

*बापूकाका (ठाणे)* १२.१५
आतून कडी आहे की नुसता लाकडी आडणा?

*आत्या* १२.१६
आडणा. तोही फुगलाय, पावसात बसत नाही.

*बापूकाका (ठाणे)* १२.१८
पितळी कडी-कोयंडा ठाण्याहून मी आणतो. आणि आतल्या अंगाला अडसर.

*नाना* १२.२५
सगळा ठीक. पण माटवी खय ठेवूची? चौकट आठ फूट लांब. देवघरात मावणा नाय, खळ्यात वाळवी लागता.

*बंड्या (दुबई)* १२.२७
माझ्या खोलीत ठेवा. मी वर्षातून बारा दिवस असतो.

*माई* १२.२९
तुझ्या खोलीत आधीच तांदळाचे डबे आहेत.

*बंड्या (दुबई)* १२.३०
माझ्या खोलीत??