फ्लुइडएफएम: पेशी काचेवरून पूर्ण सुटत नाही

प्रश्न: फ्लुइडएफएमने (पेशी चोखून धरून ती ओढायला लागणारं बळ मोजणारं उपकरण) पेशी काचेला किती घट्ट चिकटली आहे ते मोजायचं आहे. फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) लावलेल्या काचेवर हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगपेशी) आहेत. पोकळ कँटिलिव्हरचं (पेशी चोखणाऱ्या लवचिक सूक्ष्म पट्टीचं) छिद्र २ मायक्रॉन, दाब −८०० मिलिबार. वर ओढताना पेशी मध्येच निसटते. दाब आणखी वाढवू का?

उत्तर १: दाब नको, छिद्र बदला. पकड म्हणजे दाब गुणिले छिद्राचं क्षेत्रफळ. २ मायक्रॉनला ती जेमतेम ०.२५ मायक्रोन्यूटन येते. ८ मायक्रॉनला तोच दाब सुमारे ४ मायक्रोन्यूटन देतो. पसरलेली हेला पेशी शेकडो नॅनोन्यूटननी चिकटलेली असते, मग निसटणारच! टेकल्यावर ५-१० सेकंद चोषण ठेवा, छिद्राची कड पेशीवर नीट बसू द्या, मगच सावकाश वर घ्या. पिझोची (टोक वर-खाली हलवणाऱ्या भागाची) धाव १०० मायक्रॉन हवी, कारण सुटण्याआधी पेशी मधाच्या तारेसारखी लांबते. बळाचा आलेख शून्य रेषेवर परतला नसेल तर ते मोजमाप धरू नका.

उत्तर २: शेजारच्या पेशीला चिकटलेली पेशी निवडू नका, तिचं बळही आकड्यात मिसळतं. आणि कँटिलिव्हरच्या आतल्या सूक्ष्मवाहिनीत बुडबुडा राहिला की दाब टोकापर्यंत नीट पोचतच नाही. म्हणून भरायचं द्रावण आधी गाळून, वायुमुक्त करून घ्या.

प्रश्नकर्ता: दोन पेशींनंतर छिद्र तुंबतं, त्याचं काय?

उत्तर १: आत पेशीद्रव्य साचतं. दाब धन करून पेशी बाहेर ढकला, टोक सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, मग स्वच्छ पाण्यात धुवा. टोकाला पीएलएल-जी-पेगचा (पेशी चिकटू न देणाऱ्या लेपाचा) थर आधीच दिलात तर मुळात चिकटतंच कमी.