मदत हवी आहे: सेंद्रिय कापसात बीटी आला कुठून?

आधीच सांगते, जीएम (जनुक बदललेलं बियाणं; बीटी कापूस त्यातलाच, जिवाणूचं जनुक घातल्याने बोंडअळीला मारणारा) चांगलं की सेंद्रिय चांगलं हा वाद घालायला धागा काढलेला नाही. तो आमच्या घरी जेवताना रोज होतो. मला एका नेमक्या अडचणीवर मदत हवी आहे.

यवतमाळ जिल्ह्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. भाऊ बघतो. मी पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीत जाऊन अक्कल शिकवते (हे त्याचं म्हणणं). २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी भाऊ एकदा पंप पाठीवरून न उतरवताच धुऱ्यावर (बांधावर) बसला होता. डोळ्यांपुढे अंधारी, हात थरथरत होते. वाचला. माझ्या डोक्यात सेंद्रियचं खूळ शिरलं ते तेव्हापासून. नाल्याकडचे दोन एकर त्याने बऱ्याच वर्षांनी मला "खेळायला" दिले.

तिथे आम्ही रासायनिक काही टाकलं नाही. एका गटातून प्रमाणपत्राची प्रक्रिया सुरू केली, रूपांतरणाची दोन वर्षं काढली. बियाणं ओळखीतल्या एकाकडून 'नॉन बीटी, सरळ वाण' (संकरित नसलेलं) म्हणून आणलं. जीवामृत, निंबोळी अर्क, कामगंध सापळे, सगळं केलं. कापूस कमी झाला, पण झाला. आणि खरेदीदाराने तपासणीला नेलेल्या नमुन्यात बीटी निघाला! लॉट नाकारला. शेवटी तो कापूस भावाच्या बीटी कापसासोबत एकाच गाडीत गेला. भाऊ काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आता प्रश्न. हा बीटी शेजाऱ्यांच्या शेतातून वाऱ्याने आला का? आला असेल तर तिन्ही बाजूंनी बीटी असताना मी कितीही केलं तरी उपयोग काय? आणि पुढच्या वर्षी काय पेरू?

माहिती लागेल म्हणून: नमुना जिनिंगच्या आधी, घरच्या खोलीतून घेतला होता. उरलेल्या पाच एकरांत भावाचा बीटीच आहे. उत्तरेच्या शेजाऱ्याकडे चोरबीटी (परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं बियाणं) असावं, कारण त्याने तणनाशक मारलं तेव्हा तण जळालं आणि पऱ्हाटी (कापसाची झाडं) हिरवीगार उभी राहिली. थोडं मूळ बियाणं डब्यात शिल्लक आहे.

धुऱ्यावरून

ताई, वाऱ्याला दोष देऊ नका. कापसाचा पराग जड आणि चिकट असतो, तो मक्यासारखा उडत नाही. मधमाश्या-भुंगे नेतात, आणि तेही धुऱ्यालगतच्या ओळींत जास्त. आत गेलं की प्रमाण झपाट्याने उतरतं.

परागातून आलेला बीटी त्या वर्षी फक्त सरकीत सापडतो, झाडाच्या पानात नाही. कारण झाड तुमच्या बियाण्याचं आणि सरकी दोघांची. पानातच बीटी असेल तर बियाणंच भेसळीचं होतं. म्हणून डब्यातलं बियाणं आत्ताच पेल्यांत लावा आणि रोपांची पानं तपासा. बीटी ओळखायच्या पट्ट्या मिळतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही असे संच काढले आहेत. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

दुसरी शंका, खोलीत दोन्ही कापूस एकत्र होते का? वेचणीच्या पिशव्या, ताडपत्री, वेचणाऱ्या बाया सगळ्या त्याच असतील तर चार ओंजळी इकडच्या तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

कवडी

वाद नको म्हणता, पण शीर्षकच वादाचं आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळीने आम्हाला रडवलं होतं. आठवड्याला फवारे मारूनही अळी मरत नव्हती. मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि ती अळी कापसावरून जवळपास गेली. देशाचं उत्पादन २००२-०३ ला हेक्टरी तीनशे किलो रुईच्या आसपास होतं, ते २००७-०८ ला साडेपाचशेच्या वर गेलं. सेंद्रियवाल्यांनी हे आकडे एकदा भिंतीवर लावावेत.

माती आणि बी

आकडे बरोबर आहेत, पण त्याच वर्षांत खतं वाढली, गुजरातेत पाणी वाढलं, नवे संकर आले. सगळं श्रेय एका जनुकाला देता येणार नाही. आणि २००७-०८ नंतरचे आकडेही लावा भिंतीवर. ते पुढे फारसे वाढले नाहीत, अलीकडे तर घसरलेच आहेत.

गुलाबी बोंडअळीबद्दल लिहितो, कारण ताईंच्या भावाचे पाच एकर त्यातच अडकले असणार. ही अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. अमेरिकन बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, तिथे बीटी न चाखलेल्या अळ्या तयार होत राहतात, त्यांच्यात मिसळून प्रतिकारशक्ती पातळ होते. गुलाबीला तशी जागा नाही. म्हणून बीटीभोवती साध्या कापसाचा आश्रयपट्टा लावायला सांगितलं होतं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पिशवी यायची, आठवते? किती जणांनी ती पेरली? माझ्या वडिलांनी तरी बांधावर भिरकावली. एक ओळ वाया कोण घालवणार?

त्यात आपल्याकडे बीटी संकरात घातला. संकराच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात, काहींमध्ये बीटीचं विष नसतंच. अळी बोंडात बसून बिनविषाची सरकीही खाते आणि विषाचीही चाखते. प्रतिकारशक्ती वाढवायची शिकवणीच ती. वर फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून पुन्हा कापूस) घ्यायची सवय, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत घर. २००६ ला दोन जनुकांचं, म्हणजे दुसऱ्या पिढीचं बीटी आलं, २००९-१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या पिढीचं बीटी गुलाबीपुढे हरल्याचं दिसलं, आणि २०१७ ला विदर्भात दुसऱ्या पिढीच्या बोंडांतूनही अळ्या निघाल्या. तंत्र खोटं नव्हतं. वापरायची पद्धत भिकार होती.

निसर्गमित्र

बीटी म्हणजे विष आहे विष! त्याची सरकी खाऊन जनावरं मरतात, माणसांचं काय होणार?

धागाकर्ती

@निसर्गमित्र, मी सेंद्रियच्या बाजूची आहे, तरी हे नको. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यात, तिथल्या अल्कधर्मी रसात काम करतं. आपल्या पोटात ते तसं काम करत नाही. शिवाय ज्या जिवाणूतून ते जनुक घेतलं तोच जिवाणू सेंद्रिय शेतीत फवारायला चालतो. मी मागच्या वर्षी दोनदा फवारला आहे. (गुलाबीवर काही उपयोग झाला नाही. ती बोंडात शिरली की बाहेरच्या फवाऱ्याशी तिचा संबंधच संपतो.)

@धुऱ्यावरून, खूप आभार. दोन्ही कापूस एकाच खोलीत होते, मध्ये फक्त गोणपाटाची आड होती. हे लिहितानाच लाज वाटतेय. पट्ट्या मागवल्या आहेत.

नाल्याकाठी

सेंद्रियच करायचं तर अमेरिकन जातीच्या सरळ वाणामागे कशाला धावताय? देशी कापूस लावा. बीटी संकर आहेत ते अमेरिकन कापसाचे, ५२ गुणसूत्रांचे. आपला देशी २६ चा. दोघांचा संकर शेतात सहजी होत नाही, झाला तरी बहुधा वांझ. म्हणजे तिन्ही बाजूंनी बीटी असलं तरी परागाची भीती जवळपास गेली. रसशोषक किडींना तो टणक, ताण सोसतो, लवकर हाती येतो. त्यामुळे गुलाबीच्या ऐन हंगामातून निसटतो, पूर्ण सुटत नाही. अकोल्याच्या विद्यापीठाचं एकेए-७ आहे, परभणीने देशीत लांब धाग्याचे वाण काढलेत.

तोटेही ऐका. बोंडं बारीक, वेचायला मजूर कुरकुरतात. फुटलेला कापूस लगेच वेचला नाही तर खाली गळतो, पाचोळा लागतो. आणि बऱ्याच देशी वाणांचा धागा आखूड असतो, घेणारा आधी ठरवून ठेवा. खोली मात्र वेगळीच हवी. भेसळ ढिगात झाली तर गुणसूत्रं मदतीला येत नाहीत.

अजून एक. एकाच घरात तेच पीक सेंद्रिय आणि बीटी असं शेजारी-शेजारी असलं तर प्रमाणपत्र देणारी संस्था बोट ठेवतेच. देशीची पऱ्हाटी आणि पान निदान डोळ्यांनी वेगळं दिसतं, तेवढा मुद्दा तुमच्या बाजूने.

धागाकर्ती

निकाल सांगते. डब्यातल्या बियाण्याची तीस रोपं केली होती. प्रत्येकाचं एक पान घेऊन छोट्या नळीत द्रवाचे थेंब टाकून काडीने चिरडलं, हिरवं पाणी झालं की पट्टी बुडवायची. वरची रेघ येते ती पट्टी चालू असल्याची. खाली आणखी रेघ उमटली की बीटी. पहिल्या सहा पट्ट्यांवर एकच रेघ आली आणि मी भावाला हाक मारली, ये बघ म्हणून. तो येईपर्यंत सातवीवर खालची रेघ गुलाबी होत होती. तीसपैकी पाच रोपं बीटी निघाली.

म्हणजे बियाणंच भेसळीचं होतं. खोलीतही मिसळलं असेल, ते आता कळणार नाही. ज्यांनी दिलं त्यांना फोन केला. ते म्हणाले त्यांनीही कुणाकडून तरी आणलं होतं. राग यायला हवा होता, पण त्यांच्या आवाजावरून त्यांना खरंच माहीत नव्हतं असं वाटलं.

भाऊ पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "अळी काय तुझ्या प्रमाणपत्राला घाबरते?" आणि संध्याकाळी स्वतःच विचारलं, त्या देशीला पेरा किती लागतो. तो त्याच्या पाचपैकी एक एकर आश्रयपट्ट्यासारखा साध्या कापसाचा ठेवायचं म्हणतोय, फरदड या वर्षी नाही घेणार. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची तयारी आहे त्याची. करेल का, बघू.

शेवटची मदत हवी: देशीचं बियाणं विद्यापीठातून थेट मिळतं का, आणि नोंदणी कधी करावी लागते? दोन एकरांना किती किलो धरू? यवतमाळ-वर्ध्याकडे देशी पिकवणारं कुणी असेल आणि त्यांची जिनिंगची सोय वेगळी असेल, तर कृपया इथेच लिहा.