शेततळ्यात पाणी येतं कुठून?

गोदाकाठ
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "पाझर तलाव म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातलं जुनं काम. बाग जगवायची असेल तर शेततळं करा, गावच्या तळ्याकडं बघत बसू नका." लिहिणारे आपल्याच जालना पट्ट्यातले मोसंबी बागायतदार आहेत, म्हणून जास्त लागलं.

दादा, आमच्या तलावाच्या भरावावर माझ्या आजीनं १९७२ ला दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन माती वाहिली. तो तलाव फेब्रुवारीत कोरडा दिसतो म्हणून तुम्ही त्याला निकामी ठरवलं. पण तो मुरण्यासाठीच बांधलाय. मुरुमातून, खडकाच्या फटींतून त्याचं पाणी खालच्या विहिरींना जातं. वर तलाव भरला की पंधरा दिवसांत आमच्या विहिरीचा उगवतीकडचा झरा सुटतो. रात्री मोटार बंद केली की काठावर त्याचा आवाज येतो.

तुमचं शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटर, वीस लाख लिटरच्या आसपास. खाली प्लास्टिक, म्हणजे एक थेंब मुरायचा नाही. चारी बाजूंनी काठ उंच, ओढ्याचं पाणी आत घ्यायला इनलेट नाही. मग दसऱ्यापासून दोन बोअर रात्रंदिवस कशासाठी चालतात? जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात मांडायचं. मे महिन्यात दिवसाला सात मिलिमीटर धरा, ९०० चौरस मीटरवरून रोज सहा हजार लिटर उडतात.

मोसंबीवाला
पोस्ट माझीच. २०१२ ला मी चारशे झाडं स्वतःच्या हातानं तोडली. बारा वर्षांची झाडं. कुऱ्हाड लावली तर आतून लाकूड फटफटीत कोरडं. तेव्हा तुमचा तलाव होताच की, पण त्यात चिमणीला प्यायला पाणी नव्हतं. मी टँकर विकत घेऊन शंभर झाडं वाचवली, त्याचं कर्ज पाच वर्षं फेडलं. शेततळं झाल्यापासून एक झाड गेलं नाही. आजीच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण पाऊसच नसेल तर पाझरणार काय?

आणि बोअर फक्त माझेच दिसतात का? तलावाच्या पोटात मोटारी टाकून दोन-दोन किलोमीटर पाइप कुणी नेले? पाझर तलावातून थेट उपसा करायचा नसतो हे गावातल्या पोरालाही माहीत आहे.

डोंगरपट्टा
दोघंही मूळ सोडून बोलताय. तलाव पाझरत नाही कारण गाळ. तळाला लेप बसला की पाणी मुरत नाही, नुसतं उडून जातं. आमच्याकडं पन्नास वर्षांत एकदाच गाळ निघाला, २०१७ ला गाळमुक्त धरण योजना आली तेव्हा. माझ्या बरड दोन एकरात साठ ट्रॉल्या टाकल्या. आधी आठव्या दिवशी कपाशी सुकायची, आता पंधरा दिवस दम धरते.

रानातली ताई
साठ ट्रॉल्या! भाऊ, आमच्या गावात गाळ ट्रॅक्टरवाल्यांनी नेला, उरलेला वीटभट्टीवर गेला. तेव्हा गाळ फुकट होता, पण वाहतूक ज्याची त्यानं करायची होती. माझं तीन एकर तलावाच्या सांडव्याला लागून आहे. सासऱ्यांची सव्वा एकर जमीन त्याच तलावात गेली. मला एक पाटीसुद्धा मिळाली नाही.

डोंगरपट्टा
ताई, ट्रॅक्टर मी भाड्यानं केला होता, डिझेल माझ्या खिशातलं. आम्ही चोरी केली नाही.

रानातली ताई
चोरी म्हटलं नाही. ज्यांची जमीन बुडाली त्यांचा नंबर शेवटी का, एवढंच विचारतेय. उत्तर द्या, रागावू नका.

मोसंबीवाला
ताईंचं खरं आहे. आमच्या तलावाचा गाळही सरपंचाच्या भावकीतच फिरला. म्हणून मी सामाईक कामावर विश्वास ठेवत नाही. माझ्या तळ्याची किल्ली माझ्याकडं.

गोदाकाठ
तळ्याची किल्ली तुमच्याकडं, पण बोअरच्या खालच्या पाण्याची? तुमचे दोन बोअर साडेपाचशे फुटांवर गेल्यापासून चार विहिरी डिसेंबरातच तळ दाखवतात. त्यातली एक माझ्या चुलत्याची. त्यांनी बाग लावलेली नाही, ते ज्वारीच घेतात.

आपल्या जालन्यातल्या कडवंची गावाचं नाव सगळे घेतात, शेततळी आणि द्राक्षं. पण तिथं आधी पाणलोटाचं काम झालं, चर खोदले, बांधबंदिस्ती केली, शेततळी नंतर आली. हिवरे बाजारला सिंचनासाठी बोअरच घेऊ देत नाहीत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरतात. आपण शेवटची पायरी तेवढी उचलली.

शिवारातला मास्तर
कुंपणाचंही बोला कुणीतरी. प्लास्टिकवर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. आमच्या शाळेतला सहावीतला मुलगा असाच गेला. काठाला गाठी मारलेला एक दोर बांधलेला असता तर हाताला लागला असता.

मोसंबीवाला
मास्तर, दोर उद्याच बांधतो. चारी बाजूंनी.

गोदाकाठ, बोअर बंद करणार नाही. २०१२ परत बघायची ताकद नाही माझ्यात. पण ओढा माझ्या बांधावरून जातो, हे खरं आहे. पावसाळ्यात इनलेट काढून तळं ओढ्यावर भरून बघेन. आधी गाळाचा खड्डा करावा लागेल, नाहीतर सगळी माती आत येईल. भरलं तर दिवाळीपर्यंत बोअर चालवायची गरज पडणार नाही. चुलत्यांची विहीर यानं वाढेल असं मी म्हणत नाही.

गोदाकाठ
दिवाळीपर्यंत बंद राहिले तरी त्यांची ज्वारी निघेल. आणि तलावातल्या मोटारींचं तुम्ही बोललात ते बरोबर आहे. त्यात एक माझ्या भावाची आहे. घरात यावरून दोनदा भांडण झालंय.

रानातली ताई
मोटारी काढा नाहीतर ठेवा, एप्रिलमध्ये गाळ निघणार असेल तर यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्यांची जमीन बुडाली त्यांची नावं वर. मला दहा ट्रॉल्या पुरतील, भाडं मी देते.

डोंगरपट्टा
भाडं राहू द्या. ट्रॅक्टर मी ठरवतो, डिझेल तेवढं बघा.