मदत हवी आहे: घरी बनवलेल्या बर्फगाडीचा पट्टा ब्रेक मारला की उतरतोय (ओम्नीचा एक्सल + कन्व्हेयर बेल्ट)

नमस्कार मंडळी,

इंदूरला राहून बर्फावरची गाडी कशाला बनवतोस हे घरचे, गल्लीतले आणि सियागंजचे सगळे दुकानदार विचारून चुकलेत, त्यामुळे ते आधी सांगून मोकळा होतो. माझा साडू हिमाचलातल्या स्पीतीत काझाच्या वरच्या अंगाला भागीदारीत होमस्टे चालवतो. भर हिवाळ्यात हिमबिबट्या बघायला पाहुणे येतात आणि नेमका तेव्हाच रस्त्यापासून घरापर्यंतचा चढ बर्फाखाली गेलेला असतो, मग गॅसची टाकी, पाण्याचे कॅन, पाहुण्यांच्या बॅगा सगळं पाठीवर. विकतची स्नोमोबाइल परवडत नाही, आणि घेतलीच तरी बिघडल्यावर तिकडे तिला हात लावणार कोण? मारुती ओम्नी मात्र कुठलाही मिस्त्री डोळे मिटून खोलतो. म्हणून ओम्नी.

सांवेर रोडच्या एका कबाड्याकडून इंजिन-गिअरबॉक्स आणि मागचा अख्खा एक्सल उचलला, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) आणि दोन्ही ड्रम ब्रेकसकट. इंजिन ७९६ सीसी, कार्बोरेटरवालं जुनं. फ्रेम ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची, घरीच वेल्डिंग केलंय. मागच्या चाकांच्या जागी हबवरच स्प्रॉकेट (दातेरी चाकं) बोल्ट केलेत, एचडीपीई म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून घेतलेले, व्यास २७ सेंमी, दाते १०. ओम्नीचा १४५ आर १२ टायर साधारण ५४ सेंमीचा असतो, म्हणजे स्पीड निम्मा आणि ओढ दुप्पट, मला तेच पाहिजे होतं.

पट्टा असा आहे की प्रत्येक बाजूला १३ सेंमी रुंदीच्या दोन कन्व्हेयर बेल्ट, मध्ये ९ सेंमी फट, आणि वरून दर ८.५ सेंमीवर आडव्या पट्ट्या बोल्टनं कसल्यात. स्प्रॉकेटचे दाते त्या फटीत शिरून पट्ट्यांना ढकलतात. पट्टा एकूण ३५ सेंमी रुंद, जमिनीला टेकतो १५० सेंमी, डाव्या-उजव्या पट्ट्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १२० सेंमी. सामान धरून ७०० किलो पकडले तर दर चौरस सेंटिमीटरला ०.०६७ किलो भार येतो. ७० किलोचा माणूस चालताना एका बुटावर असतो तेव्हा तो ०.३५ च्या आसपास जातो, तेव्हा बुडण्याची काळजी मला फारशी वाटत नाही.

वळवायला ट्रॅक्टरसारखी सोय, डावा-उजवा ब्रेक वेगळा, दोन लिव्हर, दोघांना आपापला मास्टर सिलेंडर. एक बाजू धरली की डिफरन्शियलमुळे दुसरी दुप्पट वेगानं पळते आणि गाडी फिरते. कागदावर.

आता दुखणं. हातोदच्या बाजूला मित्राच्या शेतात चालवून बघितली. सरळ झकास जाते, हलकं वळणही घेते, पण ब्रेक जोरात मारला, खास करून उतारावर, की धरलेल्या बाजूचा पट्टा बिघडतो. मित्राला लिव्हर दिली आणि मी बाजूनं वाकून चालत बघितलं, तर स्प्रॉकेटच्या अगदी पुढे, खालच्या अंगाला, बेल्ट फुगून पोट काढतो, मग कट् कट् आवाज, दाता फटीत न बसता आडव्या पट्टीच्या डोक्यावर चढतो, आणि पुढच्या दोन-तीन दात्यांत पट्टा आतल्या बाजूला सरकून खाली. डावीकडे-उजवीकडे सेम. पुढचं आयडलर चाक (नुसतं फिरणारं, पट्टा ताणून धरणारं) लांब बोल्टनं ताणायची सोय आहे, ते खूप ताणलं तर पट्टा उतरत नाही पण आयडलरचे बेअरिंग तापतात (यूसीपी २०५ आहेत) आणि इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये मान टाकतं. बेल्ट जुना आहे, १० एमएमचा, ४ प्लायचा (म्हणजे आत कापडाचे चार थर).

स्प्रॉकेट पुढे न्यावं का? की हे एका बाजूच्या ब्रेकचं खूळ सोडून पुढे स्की लावाव्यात? स्की नको वाटतं कारण तो चढ अरुंद आहे आणि जागच्या जागी वळावं लागतं. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

रिकामटेकडा, इंदूर
भिया, गारा पडल्या की राजवाड्यावर आणा, आम्ही ढकलायला येऊ. बाकी कामाचं काही येत नाही पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

चेनवाला काका, ग्वाल्हेर
अरे बाबा, तुझ्या लांबी-रुंदीत खोट नाही. टेकलेली लांबी भागिले दोन पट्ट्यांमधलं अंतर, १५० ला १२०, सव्वा पट आलं. साधारण १.७ च्या वर गेलं की गाडी वळायला हट्ट करते, तू बराच आत आहेस. सगळं आयुष्य डोझर आणि पोकलेनखाली पडून काढलं, तेव्हा आता नीट वाच.

तुझं स्प्रॉकेट मागे आहे. गाडी ओढत असते तेव्हा जमिनीवरचा भाग ताणलेला आणि वरचा ढिला, हे बरोबर. पण ब्रेक मारलास की उलटं होतं. जमीन पट्ट्याला मागे रेटते, स्प्रॉकेट त्याला अडवून धरतं, म्हणजे ताण जातो वरून फिरून पुढच्या आयडलरवर आणि सगळा ढिलेपणा गोळा होतो नेमका स्प्रॉकेटच्या तोंडाशी खाली. तू वाकून बघितलंस ते पोट म्हणजे हेच. स्प्रॉकेट पुढे नेलंस तर ब्रेकच्या वेळी सुटका होईल पण मग हेच पोट ओढताना स्प्रॉकेटखाली येईल आणि चढावर दाते सुटतील. तुला तर चढच चढायचाय. म्हणून मागेच राहू दे.

बोल्टनं ताणतोस ते बंद कर. ब्रेक मारला की त्या आयडलरला मागे खेचणारा झटका बसतो आणि नुसता बोल्ट तो जसाच्या तसा बेअरिंगवर टाकतो. डोझरला आयडलरच्या मागे जाड स्प्रिंग असते आणि ग्रीस भरून ताण वाढवायचा सिलेंडर, तुला ग्रीसचं नाटक नको, जाड स्प्रिंग आणि तिला आधीपासून दाबून ठेवणारा बोल्ट पुरे. दुसरं, स्प्रॉकेटच्या अलीकडे एक छोटा रोलर असा बसव की खालचा पट्टा स्प्रॉकेटला जास्त लपेटेल. आत्ता किती दाते एका वेळी गुंतलेत ते मोज, निम्म्याहून कमी असले तर काम झालंच नाही म्हण. आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला शिंगं लाव, आडव्या पट्टीवर उभे वेल्ड केलेले लोखंडी कान, म्हणजे तो आडवा सरकणार नाही. बोम्बार्डिएनं क्यूबेकमधे स्वतःच्या गॅरेजात बर्फगाडी बनवली तीसुद्धा याच भानगडीतून, त्याचं १९३७ चं पेटंट रबर चढवलेल्या स्प्रॉकेटचं आणि पट्ट्याचंच आहे.

मकरपुरा, बडोदा
काकांना +१. मी कन्व्हेयरच्या मेंटेनन्सला आहे. १० एमएम ४ प्लाय बेल्ट २७ सेंमीच्या गोलाईवर वळवणं म्हणजे तुमची अर्धी ताकद बेल्ट वाकवण्यातच जाते, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बसतं ते त्यामुळेही असणार, आणि उणे तापमानात रबर आणखी ताठ होतं. २ प्लायचा ६ एमएमचा घ्या, नायलॉन नको, ईपी (पॉलिएस्टर कापडाचा) घ्या, तो कमी ताणतो. बेल्ट ताणला की तुमचं ८.५ चं अंतर वाढतं आणि दहाही दात्यांना थोडं थोडं चुकतं. आडव्या पट्ट्या कशाच्या आहेत ते लिहिलं नाही. पीव्हीसी पाइप असेल तर आत्ताच काढा, थंडीत काचेसारखा फुटतो. रशियात हौशी लोक पॉलिथिनचा पाण्याचा पाइप उभा चिरून लावतात, तो टिकतो.

उत्तराखंड-हिमाचल पायी
दुरुस्तीचं मंडळींनी सांगितलंच आहे, मी तिकडच्या हवेचं सांगतो. साडेतीन हजार मीटरच्या वर इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद जाते, आणि कार्बोरेटर इंदूरच्या हिशोबाचा असेल तर काळा धूर सोडेल, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) लहान लावून न्या. ऑइल २०डब्ल्यू-४० नको, ५डब्ल्यू-३० घाला. पेट्रोल आहे ते बरंच आहे. डिझेल तिकडे गोठतं, त्यासाठी २०१९ ला इंडियन ऑइलनं उणे ३३ पर्यंत चालणारं वेगळं विंटर डिझेल आणलं.

आणखी एक, स्प्रॉकेट आणि बेल्टमध्ये बर्फ चिकटून दगडासारखा होतो, गोलाई वाढते आणि दाते चुकतात. तुमची मधली फट त्यासाठी फार चांगली आहे, ती बुजवू नका. आणि गाडी तयार झाली म्हणून कुठल्याही उतारावर घालू नका, हिमस्खलनाचं बुलेटिन डीजीआरई ही डीआरडीओची संस्था काढते ते साडूला रोज बघायला सांगा. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, किन्नौरकडूनच जावं लागेल, म्हणून गाडी बर्फ पडायच्या आत पोचवा.

धागाकर्ता
काका, दंडवत. आताच गॅरेजात जाऊन मोजलं, दहातले जेमतेम चार दाते गुंततात. रोलर लावायचाच. बडोदेकर, पट्ट्या लोखंडी अँगलच्या आहेत, पीव्हीसी नाही, पण आता वजनाकडे बघून चिरलेला पॉलिथिन पाइप करून बघतो, फक्त प्रश्न असा की पाइपवर काकांची शिंगं वेल्ड कशी करणार, की दर तिसरी पट्टी लोखंडी ठेवायची? बर्फाची परीक्षा इथे होणार नाही पण आमची काळी माती पावसात जशी चिकटते तशी बर्फसुद्धा चिकटणार नाही, तेव्हा फट भरते का ते जुलैत कळेलच. रस्त्यावर चालवायची नाहीच आहे, नोंदणी होणार नाही हे माहितेय, पिकअपमध्ये चढवूनच जाईल.

काका, स्प्रिंगसाठी ओम्नीच्याच पुढच्या सस्पेन्शनची कॉइल चालेल का? दोन पडून आहेत. की ती नरम पडेल आणि ट्रकची काहीतरी शोधू?

चेनवाला काका, ग्वाल्हेर
एकटी नरम पडेल. आधी एक लावून बघ आणि ब्रेक मारल्यावर आयडलर किती मागे येतो ते मोजून इथे टाक. बोटभर आला तर चालव, त्याहून जास्त आला तर दुसरी कॉइल शेजारी लाव, दोन्ही एका प्लेटवर. ट्रकची लावलीस तर स्प्रिंग जागची हलणारच नाही, म्हणजे परत बोल्टच झाला. आणि शिंगं दर तिसऱ्या पट्टीला पुरतात, त्या लोखंडीच ठेव, बाकी पाइप.