अल्सासच्या द्राक्षबागा एका दिवसात: वाइन न पिणाऱ्या बाबांसाठी

द्राक्षवाला_पोरगा: नमस्कार मंडळी. मी फ्रान्समधल्या अल्सास भागात, स्ट्रासबुर्गला असतो. सप्टेंबरअखेर आईबाबा येतायत. तासगावला आमची द्राक्षबाग आहे, आणि बाबा माळकरी. वाइनचा थेंब नको, पण "तिकडची बाग बघायचीच" हा हट्ट. आईचे गुडघे दुखतात. टूरवाले दिवसभर वाइनची तळघरंच फिरवतात, तिथे बाबा बसमधून उतरायचे नाहीत. आगगाडीने जमेल असं काही सांगा, मला गाडी चालवायची नाहीये.

भटक्या७१: कोलमार, रिकविर, काइझेर्सबेर्ग, शिवाय ओ-क्योनिग्सबुर्गचा किल्ला. सकाळी लवकर निघालात तर सगळं होतं. गाडी भाड्याने घ्या.

पलूसची_लेक: अहो, गाडी नको म्हणतायत ना ते! अल्सासचा वाइन-मार्ग, म्हणजे द्राक्षगावांमधून जाणारा रस्ता, मार्लेनहाइम ते थान असा १७० किलोमीटरचा आहे, एका दिवसात त्याचा फडशा पाडायचा नसतो. एकच गाव धरा: एगिसहाइम.

स्ट्रासबुर्गहून कोलमार रेल्वेने अर्धा तास. पुढे सहा-सात किलोमीटर टॅक्सी करा, रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. गावातल्या गल्ल्या गोलाकार आहेत, एका फेरीत गाव संपतं. चढ फारसा नाही, पण दगडी फरसबंदी आहे, आईंना चपला नको, बूट घालायला सांगा.

गाव संपलं की लगेच बाग. बाबांना तिथे सोडा आणि तुम्ही गप्प बसा! वेल चढवायला आपल्यासारखा ना मंडप, ना वाय आकाराचा आधार. उभ्या तारा, ओळीत बांधलेले वेल, आणि घड खालच्या तारेजवळ. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपली एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हा दुहेरी खेळ इथे नाही, थंडीत वेल आपोआप झोपतो. मणी बारीक, बियांचे. गेवुर्त्सट्रामिनर जातीचे गुलाबी घड बघून बाबा नक्की विचारणार, "पेटीला काय भाव?"

डावणी आणि भुरी हे वेलीचे बुरशीचे रोग मात्र इथेही आहेत. डावणी अमेरिकेतून १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये आली, आणि तिच्यावरचा उतारा म्हणून पुढच्या दशकात बोर्डोकडे मोरचूद-चुन्याचं मिश्रण निघालं. बाबांच्या पंपातलं बोर्डो ते हेच. आणि कोलमार व्होज डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे, तासगाव सह्याद्रीच्या. एवढं सांगा, बाबा दोन तास बोलतील.

द्राक्षवाला_पोरगा: ताई, पेटीच्या भावाचं अगदी खरं! जेवणाचं काय?

पलूसची_लेक: टार्ट फ्लाम्बे मागवा, पातळ भाकरीवर मलई आणि कांदा. त्यावर डुकराचे तुकडे असतात, तेव्हा "सां लार्दों", म्हणजे ते तुकडे नकोत, असं आधीच सांगायचं. बाबा कांदा खात नसतील तर डबाच न्या, उगाच वाद नको. मुन्स्टर चीज घरी आणू नका, वासाने शेजारी तक्रार करतील.

फ्रायबुर्गचा_काका: एक भर. सप्टेंबरअखेर म्हणजे तोडणीचा हंगाम. तेव्हा बागेतल्या काही वाटा पर्यटकांना बंद असतात, फलक बघूनच आत शिरा. घडाला हात लावू नका. तळघरात गेलात तर "जू द रेझां" विचारा, काही ठिकाणी द्राक्षरस मिळतो. चव फुकट दिली तरी एखादी बाटली घ्यायची पद्धत आहे, रसाचीही चालते.