अनुभव धागा: कंट्री गाणी, रेडिओ आणि कंट्री क्लब

नमस्कार मंडळी, अमेरिकेत राहून तुमच्यापैकी कुणाला कंट्री संगीताची, म्हणजे इथल्या दक्षिणेकडच्या गावाकडून आलेल्या गाण्यांची, गोडी लागली का? आणि उपनगरातल्या कंट्री क्लबात, म्हणजे गोल्फ, पोहणं, खाणंपिणं असलेल्या फक्त सभासदांच्या खासगी क्लबात, कुणाचं जाणं-येणं आहे का? ऐकीव नको, स्वतःचं लिहा. तुमच्या क्लबाचं नाव मात्र टाळा.

ओहायो
विद्यार्थी असताना जुन्या गाडीत नुसता रेडिओ होता. दिवसा एएमवर खरखर, पण अंधार पडला की नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम ६५० स्वच्छ लागायचं. ५०,००० वॅटचं केंद्र, त्यात रात्री लहरी आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या थरावरून) परततात, म्हणून इतक्या लांब. शनिवारी ‘ग्रँड ओल ऑप्री’, प्रेक्षकांसमोर मंचावरून होणारा कंट्री गाण्यांचा थेट कार्यक्रम. हा कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे आणि केंद्र काढलं होतं चक्क एका विमा कंपनीने! निवेदक मंचावरूनच जाहिराती वाचतो. सुरुवातीला मी गाण्यांपेक्षा त्याच मन लावून ऐकायचो.

नॅशव्हिल
सासूसासरे आले तेव्हा त्यांना ऑप्रीला नेलं. १९७४ मध्ये कार्यक्रम रायमन सभागृहातून नव्या वास्तूत गेला, तेव्हा जुन्या मंचाचा एक गोल तुकडा कापून नव्या मंचात बसवला. २०१० च्या पुरात मंच पाण्याखाली गेला, तरी तो गोल दुरुस्त करून परत तिथेच लावला. सासऱ्यांना त्याचं काही नव्हतं. स्टील गिटार सुरू झाली आणि ते ताठ बसले. “अगं, ही तर आपली हवाईयन गिटार! रेडिओवर हिच्यावर सिनेमाची गाणी लागायची.” खरंच की, वाद्य मूळचं हवाईचंच. पुढे मींड कुठे घेतली ते हाताने दाखवत होते. शेजारच्या टोपीवाल्या आजोबांनाही.

शार्लट
आम्ही लेकीच्या पोहण्यासाठी क्लबाचं सभासदत्व घेतलं. आधी सभासदांची शिफारस, मग प्रवेश शुल्क, मग दरमहा वर्गणी. शिवाय ठरावीक रकमेचं खाणंपिणं तिथेच करायचं, नाही केलं तरी बिलात येतं. त्यामुळे महिनाअखेरीला आमच्याकडे सँडविचेसचा सुकाळ. रोख चालत नाही, सभासद क्रमांक सांगायचा. लेकीने तो क्रमांक सांगून अख्ख्या टीमला आइस्क्रीम खिलवलं. आणि जीन्सला बंदी! पार्किंगमधल्या पिकअपमध्ये मात्र माती, ट्रॅक्टर आणि फाटक्या जीन्सचीच गाणी चालू. गाणाऱ्यालाच आत सोडणार नाहीत, असा हिशोब.

बर्मिंगहॅम, अलाबामा
सहकाऱ्याचा पाहुणा म्हणून गेलो, तर जो भेटेल तो विचारी, “डॉक्टर ना तुम्ही?” तिसऱ्यानंतर मी नुसतं हसलो. इथल्याच शोल क्रीक क्लबात १९९० मध्ये पीजीए ही गोल्फची मोठी स्पर्धा होती. आम्ही काळ्यांना सभासद करत नाही, असं क्लबाचे संस्थापक बोलून गेले, प्रायोजकांनी जाहिराती काढल्या आणि घाईघाईने एक काळा सभासद घेतला गेला. रेडिओही या भेदभावातून सुटलेला नव्हता म्हणा. डीफोर्ड बेली हा काळा माऊथऑर्गनवादक ऑप्रीच्या पहिल्या लोकप्रिय कलाकारांपैकी, आणि त्यालाही १९४१ मध्ये काढून टाकलं. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) घेतलं २००५ ला, तो गेल्यावर.

डॅलस
कंट्री नवरा ऐकतो, मी सोसते. पण गाडीत लागोपाठ दोन बायकांची गाणी लागलेली मला आठवत नाहीत. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने गायिकांना सॅलडमधले टोमॅटो म्हटलं होतं, म्हणजे बेताने घालायचे. त्यावर केवढं रान उठलं होतं!
शार्लटवाल्या ताई, फक्त उन्हाळ्यापुरतं सभासदत्व मिळतं का हो? आणि त्यातही खाण्याची सक्ती असते का?