दोन लहान मुलांना घेऊन ॲपल पिकिंगला (बागेत जाऊन सफरचंदं तोडायला) आणि पम्पकिन पॅचला (भोपळ्यांच्या शेतात) जाताना काय लक्षात ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर

न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्यावर जाणार असाल तर हनीक्रिस्प जातीच्या सफरचंदाची आशा धरू नका, ते सप्टेंबरातच संपत येतं. फुजी मिळेल. निघण्यापूर्वी फार्मच्या पानावर त्या दिवशी काय तोडायला उघडं आहे ते बघा.

पिशवी लहानच घ्या. हाफ पेक म्हणजे साधारण ५ पौंड, चौघांना पुरतात. पोरं फळ सरळ खाली ओढतात, मग फांदीवरची पुढच्या वर्षीची कळीही तुटते. तळहातात धरून वर उचलायचं आणि किंचित पिळायचं. पिकलेलं लगेच सुटतं. खाली पडलेल्या, सडक्या फळांवर गांधीलमाश्या असतात, म्हणून सँडल नकोत. गवत सकाळी दवाने ओलं असतं. मोज्यांचा जादा जोड लागतोच. छोट्या चाकांचा स्ट्रोलर मक्याच्या शेतातल्या भूलभुलैयात चिखलात रुततो, बाळाला कॅरियरमध्ये घ्या.

भोपळा देठाला धरून उचलू देऊ नका. देठ मोडला की तिथूनच सडायला लागतो. कोरायचे मोठे भोपळे पाणचट असतात. घारग्यांसाठी छोटा ‘पाय पम्पकिन’ (pie pumpkin, खाण्यासाठीचा भोपळा) वेगळा घ्या.

शेळ्या-मेंढ्यांना हात लावल्यावर साबण-पाणीच, सॅनिटायझरवर भागवू नका. आणि सायडर (इथे सफरचंदाचा रस, दारू नव्हे) पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जंतू मारलेला, आहे ना, हे विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका. कच्च्या सायडरमधून ई. कोलाय जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. गरम डोनट मात्र खुशाल द्या.